हाफ आयर्नमॅनसाठी वीकेंड कॅम्प कसा करायचा: शनिवारी हात राखा, रविवारी पळा

गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायची रेस, २०१९ ला सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्या मराठवाड्यातूनही कोण ना कोण नाव नोंदवतंच. नाव नोंदवलं की पहिला प्रश्न एकच, एवढी प्रॅक्टिस करायची कधी? सोमवार ते शुक्रवार ड्युटी, दुकान, क्लिनिक, शेत, पोरांची शाळा, सकाळी कसाबसा एक तास हाताशी येतो. त्या एका तासात पोहणं नाहीतर पळणं होतं, पण चार तासांची सायकल कुठून होणार? म्हणून वीकेंड कॅम्प. पाच-सहा जणांनी मिळून दोन दिवस बाहेर पडायचं आणि जे एका तासात कधीच बसत नाही ते करून बघायचं.

आधी अंतर डोक्यात पक्कं ठेवा. हाफ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं, सगळं मिळून ११३. फुल म्हणजे ह्याच्या बरोबर डबल, ३.८, १८० आणि ४२.२. हाफला पोहायला १ तास १० मिनिटं मिळतात, सगळं संपवायला साडेआठ तास. फुलला बहुतेक ठिकाणी १७ तास असतात. १९७८ ला हवाईत पहिल्यांदा ही रेस झाली तेव्हा १५ जण उतरले होते आणि १२ जणांनी पूर्ण केली, म्हणजे तेव्हापासूनच ही स्पर्धा दुसऱ्याला हरवण्यापेक्षा पूर्ण करण्याची आहे. इथं मी हाफ धरून सांगतोय, फुलवाल्यांसाठी काय बदलायचं ते शेवटी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एवढं धरून ठेवा. दोन दिवसांत फिटनेस वाढत नाही. शरीराला सुधारायला आठवडे लागतात, शनिवारी जीव तोडून सायकल मारली म्हणून रविवारी तुम्ही जास्त ताकदवान होत नसता, उलट रविवार हातचा जातो. कॅम्पमध्ये कळायच्या गोष्टी वेगळ्याच असतात. चौथ्या तासाला पोट काय म्हणतं, तीन तासांनंतर सीट कुठं टोचते, घाट चढून आल्यावर पळता येतं का, आणि मेन म्हणजे थकलेल्या पायांवर दुसऱ्या दिवशी पळताना तुम्ही चाल कशी सांभाळता. हे घरी कळत नाही आणि रेसच्या दिवशी कळून उपयोग नाही. म्हणून कॅम्पचा सगळा हिशोब रविवारच्या पळण्यावरून मांडायचा. शनिवार हात राखून करायचा, इतका की संध्याकाळी वाटलं पाहिजे आज अजून थोडं जमलं असतं.

आणि हा कॅम्प शून्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी नाही हे पण प्रेमानंच सांगतो. एका दमात किलोमीटरभर पोहता येत असेल, ६० किलोमीटर सायकल झालेली असेल आणि १२-१४ किलोमीटर पळणं होत असेल तर या. नसेल तर आधी तीन-चार महिने तेवढं करा, घाई काय आहे. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, घरात हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरकडून नीट तपासणी करून घ्या, ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट सुद्धा. ताप येऊन गेलेल्याला त्या आठवड्यात कॅम्पला घेऊच नका, कितीही हट्ट करू द्या.

कधी करायचा

रेसच्या आधी चार ते सहा आठवडे. त्याहून जवळ केला तर थकवा रेसपर्यंत उतरत नाही आणि लई लांब केला तर शिकलेलं विसरायला होतं. गोव्याची रेस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, म्हणजे आपला कॅम्प सप्टेंबरात. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते, वाराचा योग जुळला तर जोडून वीकेंड मिळतो, कॅलेंडर बघून ठेवा. सप्टेंबरात पाऊस असतो, असू द्या, ढगाळ हवेत ऊन कमी लागतं. फक्त घाटात उतरताना रस्ता ओला असेल तर ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही.

श्रावणातला शनिवार मात्र टाळा. संभाजीनगरहून खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला शुक्रवारी रात्रीपासून माणसं पायी निघतात, अख्खा रस्ता भक्तांनी भरलेला असतो आणि तो त्यांचाच दिवस आहे, तिथं आपण सायकली घुसवायच्या नाहीत. वेरूळला घृष्णेश्वराची पण श्रावण सोमवारची गर्दी आदल्या संध्याकाळपासूनच वाढायला लागते.

एप्रिल-मेमध्ये लांब कॅम्प करूच नका. चाळीसच्या वर पारा गेल्यावर चार तास सायकलवर बसण्यात कसलाच फायदा नाही. उन्हाळ्यात आपलं पोहणं पण अडतं, कारण पाणी कमी पडलं की पहिला बंद होतो तो पोहण्याचा तलाव. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, अशा भागात राहतो आपण. म्हणून पोहणं शिकायचं असेल तर पावसाळा संपला की लगेच लागा, फेब्रुवारीपर्यंत पाया पक्का करून घ्या.

कुठं करायचा

संभाजीनगरकडच्यांसाठी मला दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ हा पट्टा सगळ्यात आवडतो. शहरात पोहायला तलाव आहे, पंचवीस-तीस किलोमीटरवर घाट आहे, पळायला म्हैसमाळचा रस्ता आहे, आणि काही झालंच तर मोठी हॉस्पिटलं तासाभराच्या आत आहेत. धाराशिववाल्यांना तुळजापूरचा घाट आहे, बीडवाल्यांना मांजरसुंब्याचा. लातूर-नांदेडकडं सपाट रस्ते जास्त, तिथं चढ नसला तरी समोरून वारा लागतो आणि तासभर वाऱ्याविरुद्ध सायकल चालवली की घाटाएवढाच घाम निघतो, त्यामुळं चढ नाही म्हणून रडू नका. समृद्धी महामार्गावर सायकल चालवायला परवानगी नाही, तिकडं वळू पण नका.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथं जीव जातो. आपल्याकडं गावोगाव शेततळी झालीत आणि बरेच जण म्हणतात ओपन वॉटरची, म्हणजे उघड्या पाण्यात पोहायची प्रॅक्टिस तिथं करू. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद असतो, बाजू उताराच्या असतात, त्यावर शेवाळ धरलेलं असतं. आत उतरता येतं पण बाहेर यायला हातापायाला पकडच मिळत नाही, चांगला पोहणारा माणूस पण काठ खरवडून खरवडून दमतो आणि बुडतो. उतरायचंच असेल तर काठावरच्या पक्क्या खांबाला गाठी मारलेला जाड दोर बांधून तो पाण्यात तळापर्यंत सोडा, हवा भरलेली ट्यूब पाण्यात तरंगत ठेवा, एक पोहता येणारा माणूस काठावर कायम उभा. एकट्यानं कधीच नाही. दोर नसेल तर त्या दिवशी पोहणं नाही, विषय संपला.

जायकवाडीचं नाथसागर बघून कुणालाही उतरावंसं वाटतं, पण ते पक्षी अभयारण्य आहे, मनानं उतरायची जागा नाही ती. आणि मासेमारीची जाळी पाण्याखाली दिसत नाहीत, पाय अडकला तर सुटत नाही. कॅम्पसाठी साधा स्विमिंग पूल पुरेसा आहे. २५ मीटरच्या पूलमध्ये ७६ लांब्या म्हणजे १.९ किलोमीटर.

शुक्रवार संध्याकाळ

सगळ्यांनी शहरातच जमायचं. राहायचं सामान सपोर्ट गाडीत टाकून ठेवा, शनिवारी ते गाडीनं खुलताबादला जाईल. गाडी चालवणारा माणूस ठरलेला पाहिजे आणि तो पोहणार-पळणारा नको, नाहीतर ऐनवेळी तो पण सायकल काढतो आणि गाडी राहते पूलच्या पार्किंगमध्ये.

मग सायकली बघा. आपल्या रस्त्याच्या कडेला दोन गोष्टी हमखास असतात, बाभळीचे काटे आणि सराटे. सराटा टायरमध्ये बसला की हवा हळूहळू जाते, दहा किलोमीटरनंतर कळतं. म्हणून प्रत्येकाकडं स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि हातपंप. नुसतं असून भागत नाही, शुक्रवारी प्रत्येकानं सगळ्यांसमोर मागचं चाक काढून ट्यूब बदलून दाखवायची. मागचंच, कारण चेन आणि गिअर तिकडं असतात आणि सगळे तिथंच अडतात. चाक काढायच्या आधी मागचा गिअर सगळ्यात छोट्या चक्रावर आणा, चाक सहज निघतं. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवून काटा शोधा, तोच काटा राहिला तर दुसरी ट्यूब पण गेलीच समजा. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं लागतील, लागू द्या. रेसमध्ये बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर बाद करतात, त्यामुळं हे हातात बसलंच पाहिजे.

सीटची उंची बघा, पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. पॅडिंगच्या शॉर्टच्या आत चड्डी घालायची नसते, शिवण टोचते आणि सोलून निघतं, पहिल्यांदा येणाऱ्याला हे कुणी सांगतच नाही म्हणून मी सांगतोय. जांघेत, काखेत, मानेला व्हॅसलिन. जेवण हलकं, वरण-भात, साडेनऊला झोप.

शनिवार सकाळ, आधी पाणी

सहाला पूलमध्ये. आपल्यातले बरेच जण विहिरीत शिकलेले, पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून कुणीतरी ढकललेलं. त्याचा एक मोठा फायदा आहे, खोल पाण्याची भीती गेलेली असते आणि ही गोष्ट शहरात शिकलेल्याला पैसे देऊन मिळत नाही. तोटा एवढाच की मान पाण्याच्या वर ठेवायची सवय लागलेली असते. मान वर राहिली की कंबर आणि पाय खाली जातात आणि सगळी ताकद स्वतःला वर धरण्यात संपते. उपाय सोपा आहे पण वेळ घेतो. तोंड पाण्यात, नजर खाली तळाकडं, श्वास पाण्यातच नाकातोंडानं हळूहळू सोडत राहायचा, आणि मान फक्त बाजूला वळवून श्वास घ्यायचा. दम लागतो तो बहुतेक वेळा श्वास कमी पडल्यानं नाही तर आतला श्वास बाहेर न सोडल्यानं.

कॅम्पच्या दिवशी १२०० ते १५०० मीटर पुरे. त्यातले पहिले ४०० अगदी सावकाश. मग गोव्याच्या समुद्रासाठी दोन गोष्टी करा. एक म्हणजे दर सहा-आठ हातांनंतर डोळे फक्त पाण्याच्या वर काढून पूलच्या टोकाची एखादी ठरलेली वस्तू बघायची आणि लगेच तोंड खाली, समुद्रात तळाला रेघ नसते, असं नाही बघितलं तर माणूस वाकडा जातो आणि १९०० चे २२०० मीटर होतात. दुसरी म्हणजे एकाच लेनमध्ये तिघांनी शेजारी शेजारी पोहायचं, अंगाला अंग लागू द्या, कुणाचा हात तोंडावर येईल, कुणाची लाथ बसेल. रेसमध्ये हेच होतं आणि पहिल्यांदा झालं की छाती धडधडते. तसं झालं की पाठीवर उलटं व्हा, दहा श्वास घ्या, पुन्हा सुरू. हे शनिवारी पूलमध्ये करून बघितलेलं असलं की गोव्यात घाबरायला होत नाही.

मग सायकल

पूलमधून बाहेर आलात की गप्पा मारत बसू नका, दहा मिनिटांत सायकलवर. रस्ता असा: शहरातून दौलताबाद, घाट चढून खुलताबाद, खाली उतरून वेरूळ, पुढं कन्नडच्या दिशेनं आणि कन्नडच्या अलीकडूनच परत वेरूळ. नव्वदच्या आसपास होतं. कन्नडच्या पुढं औट्रम घाटात जाऊ नका. दौलताबादला किल्ल्याच्या तटबंदीतल्या अरुंद दरवाज्यातून रस्ता जातो, तिथं उतरून चालत गेलात तरी दोन मिनिटंच जातात.

वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक तुटक बोलायला लागलात की जास्त होतंय. घाटात सगळ्यात मोठी परीक्षा असते कारण पुढचा माणूस दिसतो आणि पाय आपोआप जोर लावतात. नका लावू. हलका गिअर टाका, पाय मिनिटाला ७० च्या वर फिरते ठेवा, सपाटीवर ८० ते ९०. एकमेकांच्या चाकाला चाक लावून पण जाऊ नका, रेसमध्ये पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, वारा स्वतःच्या छातीवर घ्यायची सवय इथंच लागू द्या.

खाण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, सवय नसेल तर ४० पासून सुरू करा. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतं, चार-पाच खजुरांत तेवढंच, दोन मोठे चमचे साखरेत पण तेवढंच. म्हणजे एक केळं आणि तीन मोठे चमचे साखर घातलेली लिंबूपाण्याची बाटली, झाला एक तास. अर्धापूरची केळी असतील तर अजून काय पाहिजे. महागडी एनर्जी जेल, म्हणजे पाकिटातला घट्ट गोड पाक, घ्यायलाच पाहिजेत असं नाही, पण रेसमध्ये जेल खायची असतील तर तीच जेल ह्या शनिवारी खा. भूक लागायची वाट बघायची नाही, घड्याळात दर वीस मिनिटांचा अलार्म लावा, वाजला की दोन घास आणि तीन-चार घोट. भाकरी-ठेचा आपल्या जीवाचा आहे पण सायकलवर नाही, चोथा, तेल आणि तिखट धावताना पोटात गोळा करतात. शेंगदाण्याची चिक्की पण थोडीच, तिच्यात तेल जास्त.

मीठ विसरू नका. लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ, नाहीतर ओआरएस. फक्त एक लक्षात घ्या, ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे मीठ मिळतं पण ताकदीपुरतं गोड मिळत नाही, खाणं वेगळं लागणारच.

आणि पाणी किती प्यायचं हे दुसऱ्याला विचारू नका, मोजा. वजनकाटा सोबत ठेवा. निघताना कमीत कमी कपड्यात वजन करा, एक तासानंतर घाम पुसून परत करा. समजा एक किलो कमी झालं आणि त्या तासात अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर तासाला दीड लिटर घाम गेला. सगळा भरून काढायचा नसतो, पोटाला तेवढं पेलत पण नाही, वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही एवढंच बघायचं. उलट वजन वाढलं असेल तर जास्त प्यायलात, आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम कमी होतं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो. हे पाणी कमी पडण्याएवढंच धोक्याचं आहे. आपल्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो म्हणून वाटतं घामच आला नाही, गोव्याच्या दमट हवेत उलटं, अंगावरून धारा लागतात पण अंग गार होत नाही. म्हणून दोन्हीकडचे आकडे वेगळे येतील, गोव्याला दोन दिवस आधी जाऊन तिथं पण एकदा मोजा.

परत वेरूळला आलात की शेवटचा वेरूळ ते खुलताबाद चढ राहतो. हाच चढ सांगतो की सकाळी तुम्ही हात राखला होता का. शांतपणे बोलत बोलत चढलात तर सगळं बरोबर चाललंय. चढताना पायात गोळे आले, डोकं हलकं झालं तर तिथंच थांबा, गाडीत बसा, त्यात काही कमीपणा नाही.

उतरलात की पळा, थोडंसंच

लॉजच्या अंगणात सकाळीच गाडीवाल्या माणसाला सांगून चुन्याच्या फक्कीनं एक रेघ मारून घ्या, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी. सायकल रेघेच्या अलीकडं उतरायची, ढकलत आणून ठरलेल्या जागी लावायची, आणि सायकल टेकल्यावरच हेल्मेटचा पट्टा सोडायचा. निघताना उलटं, आधी पट्टा बांधायचा मगच सायकलला हात लावायचा. रेसमध्ये ह्यावरून पेनल्टी लागते, आणि थकलेल्या डोक्याला नियम आठवत नाही, हातालाच सवय पाहिजे.

बूट बदला, टोपी घाला आणि वीस-तीस मिनिटं पळा. पहिली आठ-दहा मिनिटं पाय स्वतःचे वाटत नाहीत, लाकडासारखे. सगळ्यांनाच होतं. पावलं छोटी टाका, घड्याळातला वेग बघूच नका, कारण सायकलच्या वेगाची सवय लागल्यामुळं आपण हळू चाललोय असं वाटतं आणि माणूस उगाच पळत सुटतो. अर्ध्या तासात थांबा, छान वाटत असेल तरी थांबा.

दुपार

अर्ध्या तासाच्या आत खा. वरण-भात, दही-भात, ज्वारीची भाकरी, अंडी, जे पोटाला पचतं ते. मग झोप. बाहेर गेलो म्हणजे मटण आणि बाटली पाहिजेच असा आपल्याकडं रिवाज पडलाय, पण दारूनं झोप मोडते आणि पाणी अजून कमी होतं, रविवारचं पळणं तिथंच संपतं. ते सगळं रविवारी दुपारनंतर, घरी जाऊन. कैलास लेणं बघायला पण शनिवारी जाऊ नका, दगडात दोन-तीन तास उभं राहून पायांचा भुगा होतो, रविवारी काम झाल्यावर मन भरून बघा.

संध्याकाळी सगळे बसले की भाषणं नकोत. प्रत्येकानं वहीत लिहायचं, कितव्या तासाला काय खाल्लं, पोट कधी बिघडलं, कुठं टोचलं, लघवीचा रंग कसा होता. गडद पिवळा असेल तर झोपायच्या आधी मीठ-साखरेचं पाणी. ताया सोबत असतील तर वाटेत बाथरूमला थांबायचे पेट्रोल पंप आधीच ठरवून ठेवा आणि दोघी-दोघींनी सायकल चालवायची व्यवस्था करा, हे शुक्रवारीच बोलून ठेवलं म्हणजे कुणाला लाजून पाणी कमी प्यावं लागत नाही.

रविवार

साडेपाचला चहा-बिस्किट किंवा केळं, सहाला पळायला. खुलताबादहून म्हैसमाळच्या रस्त्यानं सात-आठ किलोमीटर जाऊन परत, शेवटच्या घाटात चढायचं नाही, उतरताना मांड्यांना मार बसतो आणि तो आठवडाभर पुरतो. सप्टेंबरात धुकं असतं, अंगावर उठून दिसणारा रंग आणि पाठीमागं लाल लाईट हवीच. रस्त्याच्या उजव्या बाजूनं पळा म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.

चाल एवढीच की परतीचा अर्धा भाग जाण्यापेक्षा हळू व्हायला नको. दर दोन किलोमीटरला तीस-चाळीस सेकंद चाला, पाणी प्या, परत पळा. आधीपासूनच चाला, दमल्यावर नाही. रेसमध्ये पाण्याच्या टेबलावर हेच करायचंय आणि शेवटच्या पाच किलोमीटरला न चालता पळणारे बहुतेक हेच लोक असतात. परतीला वेग टिकला तर शनिवारी सायकल बरोबर झाली होती. नाही टिकला तर वही उघडा, कारण तिथंच सापडेल, बहुतेक वेळा पहिल्या घाटात नाहीतर तिसऱ्या तासाला न खाण्यात.

कुणी अडखळायला लागला, प्रश्नाला भलतंच उत्तर दिलं, अंग तापलेलं आहे, तर चर्चा करू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मानेला-काखेला बर्फ लावा, वारा घाला, आणि १०८ ला फोन. आधी गार करायचं, मग हलवायचं.

नाश्ता झाला की शहराकडं परत सायकलवर, हलक्या गिअरमध्ये, पंचवीसेक किलोमीटर, पाय मोकळे करण्यापुरतं. लेणी बघायची असतील तर आधी ती बघून सायकली गाडीवर टाका.

फुलची तयारी करणाऱ्यांनी हाच आराखडा धरायचा, शनिवारी पोहणं अडीच किलोमीटर, सायकल १२० ते १४०, रविवारी पळणं २२ ते २४. त्यापेक्षा जास्त करायचा मोह होईल पण जे वाढवायचं ते पुढच्या आठवड्यांत, एकाच वीकेंडला नाही. आणि सपोर्ट गाडीत माणूस दोन ठेवा.

सोमवारी काहीच करायचं नाही, चालणं सोडून. जिना उतरताना मांड्या दुखतील, एक-दोन दिवसांत जाईल. एका जागी टोचल्यासारखं दुखत असेल, पायावर भार देताना वाढत असेल तर मात्र पळू नका आणि डॉक्टरला दाखवा. मंगळवारी अर्धा तास सावकाश पोहणं, बुधवारी तासभर हलकी सायकल, पळणं गुरुवारपासून. आणि मंगळवारच्या आत वापरलेल्या ट्यूबच्या जागी नवी ट्यूब किटमध्ये भरून ठेवा, बाटल्या गरम पाण्यानं धुवून उन्हात वाळवा, साखरेच्या पाण्याला दोन दिवसांत वास येतो.